नौका आपली, इंजिन कोणाचे?

रशियातील कालिनिनग्राद येथे, बाल्टिक समुद्राच्या काठी, ९ डिसेंबर २०२४ रोजी 'तुशील' ही फ्रिगेट भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या सागरी चाचण्यांना त्या वर्षीच्या जानेवारीत, उत्तरेच्या ऐन कडाक्यात, प्रारंभ झाला होता. पाठोपाठ १ जुलै २०२५ रोजी तिची बहीण 'तमाल' दाखल झाली आणि परदेशात बांधून घेतलेली ही अखेरची युद्धनौका, असे सांगण्यात आले. या घोषणेचा आनंद भिवंडीकरांनी इतरांपेक्षा थोडा अधिक मानावा. परंतु तो थोडा जपूनही मानावा.

अधिक अशासाठी, की २०२२ पासून नौदलाच्या निशाणावर जो अष्टकोन आहे तो शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे, आणि त्यांच्या आरमाराचा उगम या परिसरातलाच. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली आणि खाडीवर नौका बांधण्याचे काम सुरू झाले. वसईस पोर्तुगीज, जंजिऱ्यास सिद्दी. अशा शेजारात किनाऱ्यावर गस्त घालणारे स्वतःचे बळ नसेल तर मुलूख राखणार कसा?

जपून अशासाठी, की त्याच खाडीवर एक कडू अनुभवही आला. १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हिएगश या पोर्तुगीजाच्या हाताखाली काही शे माणसे सुमारे २० नौका बांधीत होती. शेजारी राजा सागरावर बलवान होतो आहे, हे ध्यानी येताच पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्या कारागिरांना वळवून परत नेले. काम मात्र थांबले नाही. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरीच्या पाण्यात इंग्रजांना जी गाठ पडली ती मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराशी.

'तुशील'ची कथा याहून फार निराळी नाही. या जातीच्या नौकांची गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनमध्ये बनतात. २०१४ मध्ये क्रिमियावरून वितुष्ट आले, युक्रेनने इंजिने देणे थांबविले आणि रशियाने स्वतःसाठी घातलेले सांगाडे गोदीत पडून राहिले. ते भारताने घेतले, इंजिने युक्रेनकडून विकत आणून रशियाला पोहोचविली आणि नौका पुऱ्या करवून घेतल्या. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांकडून एक नौका घडविणे हे मुत्सद्देगिरीचे यश होय, यात शंका नाही. परंतु असे यश दर वेळी मिळेलच असे धरून आरमार उभारता येत नाही. बाहेरून यायचा एक सुटा भाग अडला की माग कसा बंद पडतो, हे भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

माझगाव गोदीने १९७२ मध्ये पहिली 'नीलगिरी' दिली, डिसेंबर २०२४ मध्ये नवी 'नीलगिरी' दिली. सांगाडा, पोलाद, आराखडा यांबाबत देशाने मोठा पल्ला गाठला आहे. नव्या 'नीलगिरी'ची गॅस टर्बाइन मात्र अमेरिकन रचनेची आणि डिझेल इंजिने जर्मन रचनेची आहेत. 'कावेरी' इंजिनाची सागरी आवृत्ती देशात घडविण्याचा प्रयत्न झाला, तिच्या चाचण्याही झाल्या. युद्धनौकेवर ती चढली नाही. 'अखेरची परदेशी नौका' म्हणून समारंभ साजरे झाले आहेतच. आता त्या इंजिनाचे पुढे काय, त्याला पैसा किती आणि मुदत कोणती, हे लोकसभेत कोणी तरी विचारावयास हवे.