मे महिन्यातील गोरिलादर्शन

आमच्या एका वाचकांचे पत्र गेले पंधरा दिवस आमच्या मेजावर पडून आहे. हे गृहस्थ शिक्षक आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त युगांडा देशातील कंपाला शहरी असतात. आई-वडिलांनी एकदा तिकडे यावे व डोंगरांतील गोरिला डोळे भरून पाहावेत असा चिरंजीवांचा आग्रह, आणि त्यासाठी त्यांनी तीन वर्षे पैसेही बाजूस टाकले आहेत. अडचण आहे ती वेळेची. शिक्षकांना सुटी मिळते मे महिन्यात, आणि प्रवासाची व्यवस्था करणारे म्हणतात की मे म्हणजे तेथील पावसाळा. तेव्हा जाणे म्हणजे पैसे अक्षरशः पाण्यात घालणे! 'जावे की जाऊ नये?' असे आमचे वाचक विचारतात. असा प्रश्न धर्मगुरूकडे यावा याचे आम्हांला प्रथम हसू आले. परंतु मुलाच्या घामाचा पैसा त्यात गुंतलेला आहे, म्हणून आम्ही या विषयाची थोडी चौकशी केली. ती येथे देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की ज्यांना पर्वतीय गोरिला म्हणतात ते प्राणी पृथ्वीच्या पाठीवर दोनच ठिकाणी उरले आहेत: युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ब्विंडी हे अरण्य, आणि युगांडा, रवांडा व कांगो या तीन देशांच्या सीमेवरील विरुंगा ज्वालामुखींची रांग. प्राणिसंग्रहालयांत जे गोरिला दिसतात ते सखल प्रदेशातील निराळे. १९८१ च्या सुमारास विरुंगामध्ये हे प्राणी जेमतेम अडीचशे उरले होते. पुढील शिरगणतीत दोन्ही अरण्ये मिळून त्यांची संख्या १०६३ भरली, आणि २०१८ साली त्यांचे नाव 'अतिसंकटग्रस्त' या यादीतून 'संकटग्रस्त' या यादीत आले. जगात कोणत्याही मोठ्या वानरजातीच्या वाट्याला असे सुदैव क्वचितच आले असेल.

आता ऋतूंविषयी. हा प्रदेश विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. आपल्यासारखा एकच पावसाळा तेथे नाही. पाऊस वर्षातून दोनदा येतो: मार्च ते मे या महिन्यांत मोठा, आणि सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत दुसरा. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने, व तोच प्रवाशांचा हंगाम. गंमत अशी की युरोप-अमेरिकेतील उन्हाळी सुट्या आणि नाताळ या हंगामात नेमक्या बसतात. आपली मे महिन्याची सुटी व दिवाळीची सुटी मात्र दोन्ही पावसाळ्यांत जाऊन पडतात. म्हणजे आपल्याकडील शाळा-कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या कुटुंबाला हंगामाबाहेर जाणे हा आवडीचा प्रश्नच नव्हे. जायचे तर तेव्हाच.

परंतु त्यात तोटाच आहे असे नाही. माणसाच्या सहवासाला सरावलेल्या प्रत्येक गोरिला-कुटुंबाकडे दिवसातून आठच पाहुण्यांना नेतात, आणि त्यांनाही तासाहून अधिक थांबू देत नाहीत. हा नियम बारमाही आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हवा तो दिवस मिळण्यासाठी कित्येक महिने आधी परवाना घ्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पुष्कळदा तो उशिरानेही मिळतो, आणि आठाच्या जागी चार-पाचच माणसे निघतात असेही होते. दाट झाडीत आठ जणांच्या खांद्यांवरून डोकावणे आणि चौघांनी निवांत बसून पाहणे यांत अंतर आहे. राहण्याच्या जागाही या दिवसांत स्वस्त मिळतात.

परवान्याच्या दराविषयी मात्र आमच्या वाचकांनी भ्रमात राहू नये. रवांडाने मे २०१७ मध्ये हा दर ७५० डॉलरवरून एकदम १५०० वर नेला; युगांडात जुलै २०२४ पासून परदेशी प्रवाशांना ८०० डॉलर, म्हणजे आपले सुमारे सत्तर हजार रुपये, पडू लागले. पूर्वी युगांडात एप्रिल, मे व नोव्हेंबर या महिन्यांत ६०० डॉलरचा परवाना ४५० ला मिळत असे. अशा सवलती जाहीर होतात आणि मागेही घेतल्या जातात. चिरंजीव कंपाल्यातच आहेत. त्यांनी तेथील वन्यजीव खात्याच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे, मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये. कांगोच्या बाजूने जाण्याचा विचार तेथील अशांततेमुळे सोडूनच द्यावा.

व्यवस्थापक मंडळी हंगामाबाहेर आणखी एक आमिष दाखवितात: पावसात चारा मुबलक असतो, त्यामुळे गोरिला खाली उतरतात व फार चालावे लागत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धे. विरुंगाच्या उतारांवर बांबूचे पट्टे आहेत. पावसानंतर कोवळे कोंब फुटले की गोरिला ते खाण्यासाठी त्या खालच्या पट्ट्यात येतात. (आपल्याकडे कोवळे कोंब निघाले की बायका टोपल्या घेऊन रानात धावतात, त्यातलाच प्रकार!) ब्विंडीतील गोरिला मात्र फळांचे अधिक शौकीन, आणि फळे पिकली की त्यांच्या शोधात ते रोज लांबवर भटकतात. तेव्हा ब्विंडीत चालणे एक तासाचे की पाच तासांचे हे पंचांग पाहून सांगता येणार नाही.

पावसाची थट्टा आम्ही करणार नाही. ज्यांनी आंबोलीच्या घाटात जुलै महिना काढला आहे त्यांना ओल्या रानाची कल्पना आहेच. पण आंबोलीत पायांखाली निदान सडक असते. ब्विंडी अकराशे साठपासून सव्वीसशे मीटरपर्यंत उंच आहे, चढ अंगावर येणारे आहेत, आणि खाजकुइलीची आठवण करून देणारी आग्या पाल्याची झुडपे आधारासाठी नेमकी हाताशी येतात. हातमोजे, गुडघ्यापर्यंत घट्ट बांधलेली विजार, काठी आणि छायाचित्रयंत्रासाठी प्लॅस्टिकची पिशवी ही सामग्री हवीच. शिवाय पाऊस कोसळू लागला की गोरिला हात छातीशी घेऊन, मान खाली घालून मुकाट बसून राहतात, आणि आपला मोलाचा तास त्यांच्या ओल्या पाठी पाहण्यात जाऊ शकतो.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त दांपत्य नोव्हेंबर महिन्यात ब्विंडीला जाऊन आले. त्यांना असाच अनुभव आला. पहिला अर्धा तास नुसता पाऊस. मग पाऊस थांबला, ढगांतून मऊ उजेड आला, आणि पाठीवर रुपेरी केस असलेला कुटुंबप्रमुख उठून अंग झाडू लागला. त्याच्यामागे एक पिल्लू आईच्या काखेतून बाहेर आले. काळ्या केसांवर प्रखर ऊन पडले की छायाचित्रात नुसता काळा डाग उमटतो. त्या दिवशीच्या ढगाळ उजेडात पिल्लाच्या बोटांवरील सुरकुत्याही उमटल्या आहेत. ते छायाचित्र आम्ही पाहिले.

आता ज्या गोष्टीमुळे आमचे मन मे महिन्याच्या बाजूस झुकले ती सांगतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे ही उद्याने बंद झाली. पाहुणे थांबले, आणि त्यांच्याबरोबर वाटाड्यांची, ओझेवाल्यांची, खाणावळींची मिळकतही थांबली. देशातील उद्यानांत शिकारीचे प्रकार वाढल्याचे युगांडाच्या वन्यजीव खात्याने त्या वेळी सांगितले. जून महिन्याच्या आरंभी ब्विंडीतील रफिकी नावाचा कुटुंबप्रमुख नर भाल्याने मारला गेलेला आढळला. तो पंचवीस वर्षांचा होता व सतरा जणांचे कुटुंब त्याच्या आधाराने राहत होते. रानात लहान जनावरांच्या शिकारीसाठी गेलेला एक माणूस पकडला गेला. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. पाहुणे नव्हते म्हणूनच हे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि ज्या डोंगरकपारीत शेताचे तुकडे हातभर आणि तोंडे अनेक, तेथे रानाचे रक्षण केल्याने चूल पेटते हे लोकांना दिसावे लागते, आणि तेही वर्षातून सहाच महिने दिसून भागत नाही. रवांडात उद्यानांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा २०१७ पासून शेजारच्या गावांसाठी ठेवला जातो. १९९१ साली ब्विंडीचे राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा तेथून बाहेर काढलेल्या बाट्वा लोकांना मात्र त्यांच्या रानाचा मोबदला मिळाला नाही, हेही लिहिले पाहिजे.

आणखी एक सूचना, आणि ती कडक शब्दांत. पावसात भिजल्याने सर्दी होते. गोरिलांना आपले रोग जडतात: २००९ साली रवांडात बारा जणांच्या एका कुटुंबातील अकरा गोरिला श्वसनाच्या विकाराने आजारी पडले, एक मादी व एक पिल्लू दगावले, आणि तपासात माणसांत आढळणारा विषाणू सापडला. तेव्हा नाक वाहत असेल तर सत्तर हजार रुपयांकडे न पाहता तसे सांगून मागे राहावे. तोंडावर पट्टी बांधावी, नेमून दिलेले अंतर राखावे. पंधरा वर्षांखालील मुलांना नेतच नाहीत. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात टोचून घ्यावी, अन्यथा तेथे उतरताना व परत येतानाही खोळंबा होईल. साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊ नये.

आमच्या वाचकांना आमचे उत्तर: जावे. सुटीच्या सुरुवातीस न जाता मेच्या शेवटच्या आठवड्यात जावे. तोवर पावसाचा जोर बहुधा ओसरू लागतो. कंपाल्याहून मोटारीने जाण्यास दहा तास लागतात व शेवटची वाट चिखलाची असते, म्हणून दोन दिवस हाताशी राखून ठेवावेत. आणि चढण सोपी वाटली तरी पिशवी स्वतः उचलू नये, ओझेवाला अवश्य घ्यावा. वर सांगितलेल्या दांपत्याबरोबर आलेला तरुण शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि त्या दिवशी आठ दिवसांनी त्याची पाळी आली होती. उतारावर बाईंचा पाय घसरला तेव्हा त्याने त्यांना धरले, आणि खाली येईपर्यंत हात सोडला नाही.