गच्चीवर तीन डिश कशाला?

दोन महिन्यांपूर्वी आमच्या घराच्या वाटण्या झाल्या. भांडणतंटा काही नव्हता. मुलं मोठी झाली, खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, एवढंच. तीन भावांचे तीन भाग झाले, तीन चुली झाल्या. मग गच्चीवर फ्री डिशच्या तीन छत्र्या लावायच्या ठरल्या. बसवायला आलेला माणूस म्हणाला, "सर, प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र छत्री लागतेच."

मी भाषेचा शिक्षक. वायरिंगशी माझा संबंध नाही. तरी हे वाक्य मला पटलं नाही, कारण लहानपणी मी एकाच अँटेनावर दोन घरं टीव्ही पाहताना पाहिली आहेत.

रविवारी सकाळी 'महाभारत' लागायचं, तेव्हाची गोष्ट. त्याचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिलेत, हे अब्बा प्रत्येकाला कौतुकानं सांगायचे. शेजारच्या गुरुजींनी टीव्ही घेतला, पण अँटेनाला पैसे उरले नाहीत. अब्बांनी आमच्या अँटेनाची वायर सोलली आणि त्यांच्या वायरीला पीळ मारून जोडून दिली. झालं! दोन्ही घरांत पडद्यावर मुंग्या, आणि प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली. चाचा म्हणाले, "भाईजान, तोडून टाका ती वायर." अब्बांनी वायर तोडली नाही, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं.

त्यानं सांगितलं ते आजही खरं आहे. नुसता पीळ मारला की सिग्नल जोडापाशी आपटून मागे फिरतो, त्याचीच ती सावली. तिथे स्प्लिटर हवा. स्प्लिटरनं दोन भाग केले की प्रत्येकाला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल मिळतो, चार केले तर पाव. म्हणून बूस्टर लावायचा, पण तो वर, अँटेनाजवळ. खाली टीव्हीजवळ लावला तर वायरीत क्षीण झालेला सिग्नल वाढतो आणि त्याच्यासोबत मुंग्याही वाढतात. स्प्लिटर आणि बूस्टर बसला, आणि दोन्ही घरांत चित्र स्वच्छ झालं. दोष वाटून घेण्यात नव्हता, जोडण्यात होता.

छत्रीचं गणित थोडं वेगळं आहे. तिच्या पुढे जो एलएनबी असतो, त्याला सेट टॉप बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून कुठले चॅनेल हवेत ते सांगतो. एका तोंडाच्या एलएनबीवर साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले, तर एक 13 मागतो, दुसरा 18, आणि एकाचं चित्र जातं. यावर उपाय म्हणजे चार तोंडांचा एलएनबी. छत्री एकच, प्रत्येक तोंडातून वेगळी वायर, प्रत्येक टीव्हीला आपला बॉक्स. कुणी काहीही पाहो, दुसऱ्याला अडचण नाही. फ्री डिशला महिन्याचं भाडं नसतं, त्यामुळे हे उघडपणे करता येतं. पैसे भरून घेतलेलं कनेक्शन मात्र परस्पर शेजाऱ्याला देऊ नये, तिथे कंपनीच्या अटी असतात.

हे सगळं मी भावांना सांगितलं, तेव्हा धाकटा म्हणाला, "भाईजान, एकत्र ठेवलं की पुढे कटकट होते. वायर तुटली तर खर्च कुणी करायचा?" त्याचा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे सामाईक वस्तूंवरून भांडणं होतात ती अशीच. सुरुवातीला "घरातलंच आहे" म्हणून कुणी काही ठरवत नाही, आणि नंतर प्रत्येकाला आपणच जास्त दिलं असं वाटतं. यावर उपाय वस्तू वेगळ्या करणं नाही, आधी बोलून घेणं आहे. छत्री आणि एलएनबी तिघांचं, आपापली वायर आणि बॉक्स ज्याचा त्याचा, असं आम्ही वहीत लिहून ठेवलं.

चार तोंडांचा एलएनबी बसवताना कारागिरानं विचारलं, "चौथं तोंड बंद करू?" तेव्हा आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो. तीन छत्र्यांच्या हिशेबात अम्मीच्या खोलीतला टीव्ही कुणीच धरला नव्हता. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं धरला असेल.

चौथी वायर अम्मीच्या खोलीत गेली. खर्च तिघांचा.