नॅनो कण मुंबई हायचं तेल वाढवतील?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात असलेलं मुंबई हाय १९७६ पासून तेल देतंय. आता उत्पादन घटलंय, म्हणून ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीला मदतीला घेतलं.

तेल खाली हौदात साठलेलं नसतं बरं का! ते चुनखडीच्या बारीक छिद्रांत चिकटलेलं असतं. पाणी दाबून सोडलं तरी बऱ्याच साठ्यांत निम्म्याहून जास्त तेल खालीच राहतं.

सिलिकाचे नॅनो कण केसाच्या जाडीपेक्षा हजारो पट लहान. पाण्यासोबत ते छिद्रांत शिरतात, खडकाला तेलाऐवजी पाणी धरायला लावतात आणि तेल सुटतं. ऐकायला भारी! पण खारट, गरम पाण्यात हेच कण एकमेकांना चिकटून छिद्रंच बुजवतात. त्यामुळे बहुतेक प्रयोग अजून लॅबमध्येच अडकलेत.