आईंचा फोन का अडकत होता?

गेल्या महिन्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे हेब्बाळला आल्या. चहा होतोय न होतोय तोच त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "अगं, याची मेमरी भरलीय. सगळे फोटो काढून टाकले, तरी मेला अडकतोच!"

सगळे म्हणजे अगदी नातवाच्या बारशाचेसुद्धा. मी कपाळावर हात मारला.

ही चूक तुमच्याही घरात कोणी तरी करत असेल. फोटो राहतात ते स्टोरेज म्हणजे घरातलं कपाट. फोन अडकतो तो बहुतेक वेळा रॅम कमी पडल्याने, आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. चालू काम तेवढं तिथे मांडलेलं असतं. कपाट कितीही रिकामं केलं तरी ओट्यावरचा पसारा तसाच राहतो.

मग ओटा अडवतं कोण? हा हिशोब कर्नल ठेवतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. अँड्रॉइडमध्ये तो लिनक्सचा आहे. तो रॅमची छोटी छोटी पानं पाडतो, बहुतेक फोनमध्ये 4 केबीची. आईंच्या 4 जीबीच्या फोनमध्ये अशी दहा लाखांहून जास्त पानं झाली. कुठलं पान कोणत्या अ‍ॅपकडे आहे, हे कर्नलला ठाऊक असतं. पण अ‍ॅपने ते कशासाठी घेतलंय? फाइलमधून आलेल्या भागावर फाइलचं नाव असतं. बाकीच्यावर काहीच नसतं. त्याला तंत्रज्ञ चक्क 'निनावी' मेमरी म्हणतात. फ्रीजमध्ये मागे सरकलेला, झाकणावर काही न लिहिलेला डबा असतो ना, तसं. कोणाचा ते माहीत नाही, म्हणून कोणी टाकतही नाही.

यावर अँड्रॉइडवाल्यांनी सोय केली. अ‍ॅपने कर्नलला सांगायचं, या भागाला अमुक नाव दे. मग यादीत कोऱ्या ओळीच्या जागी ते नाव दिसतं आणि पसारा नेमका कुठे वाढतोय ते प्रोग्रामरला कळतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय कित्येक वर्षं होती. मूळ लिनक्समध्ये ती यायला मार्च 2022 उजाडला, 5.17 या आवृत्तीत. घासाघीस बरीच झाली, कारण चिठ्ठी चिकटवायची तर चिठ्ठीलाही जागा लागते. शेवटी नावाला 80 अक्षरांची मर्यादा घातली गेली.

आमच्या भागात सकाळी मान्यता टेक पार्ककडे जाणारी गर्दी पाहिली की वाटतं, ही सगळी मंडळी आत बसून करतात तरी काय! निदान या विषयात बंगळुरूचा हात खरा आहे. कुठल्या पानाचा खर्च कोणत्या गटाच्या नावावर मांडायचा, हे बघणारी व्यवस्था एप्रिल 2008 मध्ये लिनक्सच्या 2.6.25 आवृत्तीत आली. तिच्या मूळ फाइलवर पहिलं नाव आहे बलबीर सिंग यांचं. ते तेव्हा इथल्याच आयबीएममध्ये होते. सोबत ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव. एकाच सर्व्हरवर दहा जणांची कामं चालतात, तिथे एकाने दुसऱ्याच्या वाट्याची मेमरी खाऊ नये, हे आजही याच व्यवस्थेतून बघितलं जातं.

त्यातला एक नियम मला फार मजेशीर वाटतो. दोन गट एकच पान वापरत असतील, तर पहिल्यांदा हात लावणाऱ्याच्या नावावर पूर्ण खर्च! पीजीमध्ये दुधाची पिशवी जो आधी फोडेल, पैसे त्याचे. न्याय्य म्हणाल तर नाही. पण प्रत्येक घोटाची वाटणी करत बसायचं, तर हिशोबातच दिवस जायचा.

आता आईंचा फोन. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मधल्या 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. (फोनप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असते.) तिथल्या 'मेमरी'मध्ये कुठल्या अ‍ॅपने गेल्या काही तासांत किती रॅम वापरली ते दिसतं. काही नव्या फोनमध्ये ही नोंद आधी चालू करावी लागते. तेवढंच बघा, बाकीच्या बटणांना हात लावू नका.

आईंच्या यादीत वरच कोण होतं सांगू? कोणी तरी टाकून दिलेलं 'रॅम साफ करणारं' अ‍ॅप! माझ्या मते ही अ‍ॅप्स मुळात नकोतच. ती चालू अ‍ॅप्स बंद पाडतात, ती पुन्हा उघडतात, आणि बॅटरी फुकट जळते. गरज पडली की अँड्रॉइड स्वतःच मागची अ‍ॅप्स बंद करतं. ते काढून टाकलं आणि फोन बराच सुटा झाला.

आणि फोटो? गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप नसलेले फोटो 30 दिवस राहतात, बॅकअप असलेले 60. आईंनी पुसून अकरा दिवसच झाले होते. बारशाचे सगळे परत मिळाले.

"मग आधी का नाही सांगितलंस?" त्या म्हणाल्या, आणि लगेच एक फोटो बहिणीला पाठवलासुद्धा.