प्लीज, फ्लॅटन करू नका!

मित्रांनो, खरं सांगा, गॅदरिंगचा बॅनर तयार झाला की तुम्ही काय जपून ठेवता? फक्त जेपेग ना? मीही तेच करायचे. गेल्या दिवाळीपर्यंत!

सुट्टीत घरी घनसावंगीला होते. आमच्या अंगणवाडीच्या मावशी निवृत्त होणार होत्या. "इंजिनिअरिंगला आहेस ना, फ्लेक्स तूच कर," आईचं फर्मान! मी ऐटीत फोटोशॉप उघडलं. मागे शेत, त्यावर मावशींचा फोटो, त्यावर नाव. झकास! फाईल जड होते म्हणून सगळे लेयर एक केले, जेपेग काढली आणि मूळ फाईल उडवली.

फ्लेक्सवाल्या काकांनी बघताच विचारलं, "आडनावातली वेलांटी चुकली का गं?" चुकलीच होती. कॉन्व्हेंटचा प्रसाद, दुसरं काय! ज्यांनी मला 'अ आ इ ई' गिरवायला लावलं, त्यांचंच नाव!

"नावाचा लेयर दे, दोन मिनिटांत करतो." पण लेयर होता कुठे? अक्षरं शेतात मिसळून गेली होती. लाईट जायची वेळ झालेली. शेवटी नावावर पांढरी पट्टी टाकून नवं नाव लिहिलं. कार्यक्रमात मावशी काही बोलल्या नाहीत. पण कुणीतरी विचारलंच, "पट्टीखाली आधी कुणाचं नाव होतं?" त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

आजीच्या देवघरातली लक्ष्मी आठवते? राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असायचा. एकावर एक छापून चित्र पूर्ण व्हायचं. फोटोशॉपमध्ये लेयर आले 1994 साली, 3.0 आवृत्तीत. बरोबर शंभर वर्षांनी! फरक एवढाच, की कागदावर बसलेला रंग परत उचलता येत नाही. आपल्याला येतो, आणि तरी आपण ती सोय स्वतःच्या हाताने घालवतो!

म्हणून माझं स्पष्ट मत: मजकूर, फोटो, पार्श्वभूमी वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. लेयरना नावं द्या. 'लेयर 17 कॉपी'वरून ज्युनिअरला काय कळणार? फोटोचा नको असलेला भाग खोडू नका, मास्कने झाका. छपाईला सपाट कॉपी द्या, पण मूळ पीएसडी जपा. जागा अडते? अडू दे. पेन ड्राईव्ह पुन्हा विकत मिळतो.

आणि सीनिअर्स, जाताना ज्युनिअर्सच्या हातात नुसती जेपेग टेकवू नका. आपल्या चुका त्यांना दुरुस्त करता येतील, एवढी सोय तरी ठेवून जा!