केबल खराब नाही साहेब, काम खराब आहे!

परवा पहिल्या पावसात स्टेशन रोडची लाईन सलग अकरा तास बंद. विचारलं तर ठरलेलं उत्तर : "केबलच खराब निघाली." मागच्या पावसाळ्यातही हेच ऐकलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं, मी घेणार नाही.

थोडा इतिहास सांगतो. 1890-91 च्या सुमारास लंडनमध्ये फेरांटी नावाच्या इंजिनिअरने मेणात भिजवलेला कागद गुंडाळून 10 हजार व्होल्टची वीज जमिनीखालून नेली. कागद! पुढे तेलात मुरवलेल्या कागदावर शिशाचं कवच आलं. कारण कागदाचा एकच वैरी, ओल. ते कवच चढवणारे, जॉइंट मारणारे कारागीर ओलीला घाबरायचे, म्हणून त्या केबल कित्येक दशकं चालल्या.

मग पीव्हीसी आलं, 1960 च्या दशकात एक्सएलपीई आलं. पीव्हीसी साधारण 70 अंशांपर्यंत तापमान सोसतं, एक्सएलपीई 90 पर्यंत. आपल्या रस्त्याखाली हेच आहे. माल उत्तम. पण ओल यालाही चालत नाही, फक्त हा लगेच बोंबलत नाही. पाणी आत शिरलं की विजेच्या ताणाखाली इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक रेषा वाढत जातात. वर्षानुवर्षं. म्हणजे आज टेस्टिंगला पास, आणि ठेकेदाराची मुदत संपल्यावर धडाम. जॉइंटमध्ये ओल राहिली तर मात्र पहिला-दुसरा पावसाळाच पुरे.

आता मी डोळ्यांनी पाहिलेलं. काम चालू असताना केबलचे ड्रम महिनाभर नाल्याकडेला उघडे पडले होते. टोकांना टोप्या नाहीत, कापलेली तोंडं चिखलात. 11 केव्हीची केबल किमान 90 सेंटिमीटर खोल हवी. बँकेसमोर मी टेप लावली, तर दोन फूटसुद्धा भरेना. खाली वाळू नाही, वर विटा नाहीत, थेट मुरूम-दगड. आणि जॉइंट? भर पावसात, डोक्यावर छत्री धरून! वायरमन पोरगा बिचारा मला म्हणाला, "दादा, आजच चार्ज करायचीय, वरून फोन आहे." त्या पोराला दोष देऊ नका.

माझं म्हणणं सरळ आहे. कुठल्या जॉइंटवर कोणी, कोणत्या तारखेला काम केलं, त्याची नोंद आणि टेस्ट रिपोर्ट दाखवा. खोलीची मोजणी लोकांसमोर करा. दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या अनामत रकमेतून वळता करा, आमच्या बिलातून नको.

सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. खोदकामाच्या वेळचे फोटो-व्हिडिओ कोणाकडे असतील तर तारखेसकट इनबॉक्समध्ये पाठवा. नाव गुप्त राहील.