स्थलपरिचय : दहिसर

जर्मनींत मोझेल किंवा ऱ्हाइन नदीच्या कांठचें एखादें शंभर उंबऱ्यांचें खेडें असलें, तरी त्याचा भूगोल व इतिहास कोणी तरी गांवकरी निष्ठेनें लिहून ठेवितो. आमच्या उपनगरांत मात्र रोज आगगाडीनें ज्या पुलावरून जावयाचें, त्या पुलाखालील नदीचें नांवहि बहुतेकांस ठाऊक नसतें. म्हणून या खेपेस बोरिवलीपलीकडील दहिसरचा परिचय वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साष्टी बेटाच्या मध्यभागीं, तुळशी तलावाच्या परिसरांतील डोंगरांत दहिसर नदी उगम पावते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून वायव्येस वळून, सुमारें १२ किलोमीटरांची वाट चालून ती मनोरीच्या खाडीस मिळते. एवढ्या अल्प अंतरांत रान, भातखाचरें, मिठागरें आणि कांदळवन हीं चारीहि पूर्वीं एकामागून एक लागत असत. गोडें पाणी शेताला, खारें पाणी मिठाला. या दोहोंच्या सीमेवर दहिसरचें गांवठाण वसलें. गांवाच्या नांवाविषयीं कोट्या पुष्कळ आहेत. त्या वाटेस आम्ही जात नाहीं.

नदीपासून जवळच मंडपेश्वरचीं शैव लेणीं आहेत. १५३४ च्या तहानें साष्टी पोर्तुगीजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं लेण्यांतच प्रार्थनामंदिर थाटलें व वर इमारत उठविली. तिचे भग्नावशेष अजून उभे आहेत. भिंतीवर कोरलेला क्रूस आणि नृत्य करणारा शिव हे दोघेहि तेथें थोड्याच पावलांच्या अंतरावर पाहावयास मिळतात. वसईच्या मोहिमेंत, १७३७ ते १७३९ या काळांत, मराठ्यांनीं हा मुलूख जिंकला. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडून तो इंग्रजांकडे गेला. धनी बदलले तरी शेत कसणारी वस्ती तीच राहिली. तिच्यांतील ज्या घराण्यांनीं ख्रिस्ती धर्म घेतला, तीं आज ईस्ट इंडियन म्हणून ओळखलीं जातात, व त्यांची बोली मराठीचीच आहे. शेजारच्या एकसर गांवच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे. खाडीशीं या भागाचा संबंध केवळ मासळीपुरता नव्हता, हें त्यांवरून दिसतें.

१८६७ सालीं विरारपासून उपनगरी आगगाडी सुरू झाली. १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत वाढली, आणि मग खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. नदींत वस्त्यांचें सांडपाणी आणि म्हशींच्या तबेल्यांतील शेण येऊं लागलें. त्या म्हशींचें दूध आमच्याच चहांत पडतें, तेव्हां नुसतें तबेलेवाल्यांस बोल लावून चालावयाचें नाहीं. २६ जुलै १९०५ नव्हे, अगदीं अलीकडे, २००५ सालच्या त्या दिवशीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां ही विस्मृत नदी लोकांच्या घरांत शिरली. पुढें कांठांस भिंती घातल्या गेल्या. तो उपाय आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. मोठ्या भरतीस खाडीचें पाणी उलट चढतें. त्याच वेळीं डोंगरावरून लोंढा आला तर त्याला पसरावयास जागा हवी, आणि ती जागा पूर्वीं खाचरें व कांदळवन देत असत.

श्रावणांत राष्ट्रीय उद्यानांत गेल्यास हेंच पाणी खडकांवरून स्वच्छ खळाळत जातांना दिसतें. तेथून आगगाडीचा पूल फार दूर नाहीं.